चकचकीत काडतुसं

घाडीगावकर हवालदारांनी पहिलं काडतूस उचललं, नाकाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं. दुसरं उचललं, तेही नाकाशी नेलं. मग टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर मी ओळीनं मांडलेल्या त्या शंभर काडतुसांकडे ते नुसते बघत राहिले. एकेक काडतूस लग्नातल्या समईसारखं झळकत होतं, आणि मी शाबासकीची वाट बघत शेजारी उभी होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यांची तोंडं कोणी धुतली?"

"मुलींनी. चार दिवस लागले. चार हजार आहेत सगळी मिळून."

"मुलींनी धुतली ते बरोबर. धुवायला सांगितलं कोणी?"

"मी."

ते खुर्चीत बसले. मी समोर उभी असताना, न विचारता बसले. फौजदारासमोर हवालदार असा बसत नाही, आणि घाडीगावकरांसारखा तीस वर्षं नोकरी झालेला तर मुळीच नाही. काहीतरी चुकलंय हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. काय चुकलंय ते मात्र काही केल्या कळेना.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कुमुद वैराळे, मूळची अकोल्याची, नुकतीच फौजदार झालेली आणि थेट समुद्रकाठच्या जिल्ह्यात येऊन पडलेली. अंगात रग भरपूर, अक्कल बेताची. मुख्यालयात माझ्याकडे भांडार दिलं होतं, आणि त्याबरोबर चाळीस महिला शिपायांची पहिली तुकडी. त्या जिल्ह्यात तोवर बाईच्या हातात रायफल कोणी दिली नव्हती. लाठी, शिट्टी आणि जत्रेतला बंदोबस्त, एवढंच. आमच्या तुकडीनं सप्टेंबरअखेर थ्री-नॉट-थ्री रायफलीचा सराव पुरा केला, तरच त्यांना सशस्त्र ड्यूटी मिळणार होती. नाही केला तर विषय पुढच्या वर्षावर, म्हणजे कुठल्याच वर्षावर नाही.

राखीव निरीक्षक बोराटे साहेब हे रोज ऐकवायचे. माणूस वाईट नव्हता, पण जीभ तिखट. परेडच्या वेळी ते मला म्हणत, "वैराळे, तुमच्या पोरी रायफल धरतात की मुसळ?" मी हसून सोडून द्यायची आणि खोलीवर जाऊन उशीवर बुक्के मारायची.

आणि ऐन वेळी नवी काडतुसं गेली. शेजारच्या जिल्ह्यात गडबड झाली, तिकडे सगळा साठा पाठवला. उरल्या किल्ल्यातल्या जुन्या कोठारातल्या चार पेट्या. लष्करानं कधीकाळी आपल्याकडची जास्तीची म्हणून पोलिसांना देऊन टाकलेली काडतुसं ती, काही तर माझ्या वडिलांच्या मुंजीच्या वेळची असतील. एस. पी. साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि एका ओळीत निकाल दिला. आर्मोररनं सही केली तर ह्यांच्यावर सराव घ्या, नाही केली तर नाही.

आर्मोरर म्हणजे शस्त्रागाराचा माणूस. रायफल बिघडली तर दुरुस्त करणारा, आणि कुठली गोळी उडवायची नि कुठली नाही हे ठरवणारा. ते काम आत्माराम घाडीगावकरांचं. आणि घाडीगावकर गणपतीच्या रजेवर गावी गेलेले. कोकणातला माणूस गणपतीत मिळणं म्हणजे काय सांगू बाप्पा, त्यापेक्षा पाऊस थांबवणं सोपं.

त्या दिवसांत मी पेट्या उघडल्या. काडतुसं काळवंडलेली, काहींवर हिरवट बुरा. ही बघून कोण सही करणार? आणि मग मी तेच केलं, जे आमच्या खात्यातल्या कुठल्याही माणसानं केलं असतं. आमच्याकडे तपासणी म्हटली की पट्ट्याचं बक्कल चमकवा, बूट चमकवा, दाराची कडी चमकवा. साहेबाच्या नजरेला पितळ पिवळं दिसलं पाहिजे. मी भांडारातून पॉलिशचे डबे काढले, अंगणात ताडपत्री अंथरली, चारही पेट्या तिच्यावर ओतल्या आणि चाळीस जणींना कामाला लावलं. इंदुमती मेस्त्री नावाची एक दणकट पोरगी होती, तिनं एकटीनं दीडशे घासली. आम्ही गाणी म्हणत होतो, एकमेकींची काळी झालेली बोटं बघून हसत होतो. मला इतका आनंद त्या गावात तोवर झाला नव्हता.

आता घाडीगावकर दारातून त्या ताडपत्रीवरच्या ढिगाकडे बघत होते.

"मॅडम, तुमच्या गावाला लोखंड गंजतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आमच्या अकोल्याला विळा दहा वर्षं बाहेर टाकला तरी जसाच्या तसा सापडतो.

"म्हणून," ते म्हणाले. त्यांनी मग मला सगळं समजावून सांगितलं, न चिडता, शाळेतल्या मास्तरांसारखं. काडतूस जुनं आहे म्हणून वाईट नसतं. कोरड्या जागी राहिलं तर पन्नास वर्षांनीही नीट उडतं. पण ओल लागली की आतली दारू सर्द होते, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी मरते, पितळाला बारीक चिरा पडतात. हे सगळं काडतूस बाहेरून सांगतं. हिरवा बुरा कुठे आहे, गळ्याशी आहे की बुडाशी, डाग वरवरचा आहे की आत खाल्लेला, ह्यावरून ते निवाडा करत. आम्ही तो सगळा पुरावा घासून काढला होता. वर त्या पॉलिशमध्ये जे काही असतं, ज्याचा वास नाकात झणकन जातो, ते पितळालाच कमजोर करतं. चिरेत जाऊन बसतं आणि चीर बुजवूनही टाकतं.

"पण खरी गोची ती नाही," ते म्हणाले. "चारातली एक पेटी समुद्राकडच्या भिंतीला होती. ती भिंत गळते. बाकी तीन कोरड्या होत्या. मी ती एक बाजूला केली असती आणि तिघींना सही दिली असती. डोळे मिटून." त्यांनी ढिगाकडे बोट केलं. "आता त्या पेटीतली कुठली नि ह्या पेटीतली कुठली, ते तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? सगळी एकाच ढिगात होती, सगळी सारखीच चकचकीत होती. पोरींचा सराव माझ्याच हातानं बुडाला होता. मी त्यांना म्हटलं की चूक माझी आहे, तुम्ही सही करू नका, मी साहेबांना सांगते.

त्यांनी अंगणाकडे बघितलं. इंदुमती आणि आणखी चार-पाच जणी लाकडी रायफली घेऊन झोपून नेम धरायचा सराव करत होत्या, कोपरं सोललेली, तोंडानंच ठो ठो आवाज काढत.

"किती लागतील?" घाडीगावकरांनी विचारलं.

"चाळीस जणी, प्रत्येकी दहा. चारशे."

"एकेक बघायला लागेल," ते म्हणाले आणि खिशातून भिंग काढलं.

पुढचे चार दिवस मी जे बघितलं ते आजही मला जसंच्या तसं दिसतं. सकाळी आठला ते शस्त्रागाराच्या व्हरांड्यात बसत, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे. काडतूस उचलायचं, बुडावर ठोकलेलं साल वाचायचं, गोळी बोटांनी हलवून बघायची, मग भिंगाखाली गळा फिरवायचा, सावकाश, पूर्ण एक वेढा. शिपाई जाता-येता त्यांना चिडवत. कोकणात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, ते काम घाडी घराण्याकडे असतं, म्हणून लोक म्हणत, घाडी काडतुसांना कौल लावतोय. ते हसत पण नजर काढत नसत. दहातली नऊ ते बाजूला टाकत. मी विचारायची, ह्याच्यात काय वाईट? ते म्हणत, "काय नाही. पण मला खात्री नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खिंडीत पकडायला गेले. त्यांनी टाकलेल्यांतलं एक काडतूस पुन्हा त्यांच्या समोरच्या ढिगात सरकवलं, गुपचूप, पलीकडच्या टोकाला. तासाभरानं ते त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते बघितलं, भिंगही न लावता, आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. "ही बाई सकाळी येऊन गेली," ते म्हणाले. मला लाजही वाटली आणि अंगावर काटाही आला. चार हजार सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतली एक हा माणूस चेहऱ्यानं ओळखत होता.

काही काडतुसांच्या गोळ्या त्यांनी पकडीनं उपसून काढल्या आणि आतली दारू कागदावर ओतली. ती भुकटी नव्हती, बारीक काड्या होत्या, शेवयांसारख्या. चांगल्या शेवया मधाच्या रंगाच्या, एकमेकींपासून सुट्या, वासाला किंचित गोडसर. वाईट निघाल्या त्या चिकटलेल्या, आणि त्यांचा वास नाकात आंबट शिरायचा. मला ते एकेकाचा वास घ्यायला लावत. चौथ्या दिवशी मला फरक कळायला लागला तेव्हा मी लहान मुलीसारखी उड्या मारल्या.

शनिवारी चारशे पंचवीस निवडून झाली. घाडीगावकरांनी ती पोत्यात भरली आणि मला म्हणाले, डोळे मिटून वीस काढा. ती वीस आम्ही मैदानावर नेली. रायफल जुन्या टायरांत घट्ट बांधली, घोड्याला लांब दोरी लावली आणि मातीच्या भिंतीआडून एकेक उडवली. वीसच्या वीस नीट वाजली. मी आनंदानं टाळ्या पिटल्या.

"वीस वाजली," ते म्हणाले. "चारशेंचं मला अजून माहीत नाही."

"मग सही?"

त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. "सही करतो. पण पहिल्या पाच गोळ्या मी उडवणार."

मी म्हटलं, नाही. घोळ मी घातलाय, पोरींच्या हातात द्यायच्या आधी ती माझ्या हातात यायला हवीत. ते हो म्हणाले. एकच अट घातली. ते माझ्या शेजारी बसतील, आणि गोळी वाजली नाही तर ते सांगेपर्यंत मी बोल्टला, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायच्या दांड्याला, हात लावायचा नाही. मी चटकन वचन देऊन टाकलं.

सोमवारी मैदानावर सगळे जमले. एस. पी. साहेब खुर्चीत, त्यांच्या मागे बोराटे साहेब, आणि चाळीस जणी गवतावर ओळीनं बसलेल्या. मी झोपून नेम धरला. घाडीगावकर माझ्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसले. पहिली गोळी वाजली. दुसरी, तिसरी. खांद्याला धक्का बसत होता आणि मागे पोरी खुसपुसत होत्या, निशाण्याची माती उडताना त्यांना दिसत होती. मला वाटत होतं, जिंकलो आपण.

चौथ्या वेळी घोडा दाबला आणि नुसतं टक् झालं.

मागून बोराटे साहेबांचा आवाज आला, "वैराळे, रायफल लाजली वाटतं." काही शिपाई हसले. माझ्या कानात आग पेटली. प्रशिक्षणात आम्हाला एकच गोष्ट हजारदा शिकवलेली होती, गोळी वाजली नाही की बोल्ट ओढ, फेकून दे, पुढची घे, शत्रू थांबत नाही. माझा हात आपसूक बोल्टवर गेला.

घाडीगावकरांचा हात माझ्या हातावर पडला. पडला म्हणजे आदळला. तेलानं काळा झालेला, लोखंडासारखा कडक हात. सगळ्या मुख्यालयासमोर एका हवालदारानं बाई फौजदाराचा हात धरला होता. मागचं हसणं एकदम थांबलं.

"एक," ते म्हणाले.

मी हात ओढला. त्यांनी सोडला नाही.

"दोन."

"घाडीगावकर, हात सोडा," मी दात खाऊन म्हटलं.

"तीन." त्यांचा आवाज इतका शांत होता, जणू व्हरांड्यात काडतुसंच मोजत होते.

चार हा शब्द त्यांच्या तोंडातून पुरा बाहेर पडला नव्हता तेव्हा रायफल वाजली. घोड्यावर बोट नव्हतं. कोणी काही केलं नव्हतं. ती आपोआप वाजली आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन गेली, आणि गोळी निशाण्याच्या अलीकडे मातीत घुसली.

माझा गाल बोल्टपासून वीतभर अंतरावर होता. बोल्ट उघडायला मला एक सेकंद लागला असता. उघड्या बोल्टमध्ये ते काडतूस पेटलं असतं तर आग आणि पितळाचे तुकडे सरळ माझ्या डोळ्यांत आले असते. किंवा माझ्यानंतर, माझ्यावर विश्वास ठेवून, इंदुमतीच्या.

"आता उघडा," घाडीगावकर म्हणाले आणि त्यांनी हात काढून घेतला. रिकामी पुंगळी त्यांनी गवतातून उचलली, भिंगाखाली धरली आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "चीर होती. पॉलिशनं भरली होती. मला दिसली नाही."

मग ते उठले, एस. पी. साहेबांपुढे गेले आणि सलाम केला.

"साहेब, माझी चूक. सही माझी आहे. सही मागे घेतो. ह्यातलं एकही काडतूस उडवू नये."

"कारण काय?" साहेबांनी विचारलं.

घाडीगावकरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "समुद्राची हवा, साहेब."

आणि मी गप्प राहिले. हे सांगताना आज तीस वर्षांनीही माझी मान खाली जाते. मी पोटावर झोपलेलीच होते, हातात रायफल होती आणि मी तोंड उघडलं नाही. साहेबांनी सराव रद्द केला. बोराटे साहेब म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो. पोरी उठून चालू लागल्या. इंदुमतीच्या बोटांना अजून काळं होतं.

दुपारी मी शस्त्रागारात गेले. घाडीगावकर वही भरत बसले होते. तपासणीची वही, ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली, जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याची. ह्या वहीत प्रत्येक साठ्याचं आयुष्य असतं. पुढचा आर्मोरर तीच वाचून ठरवतो काय उडवायचं आणि काय गाडून टाकायचं. त्यांनी तारीख लिहिली होती, पेट्या लिहिल्या होत्या, चार हजार काडतुसं बाद असंही लिहिलं होतं. कारणाचा रकाना कोरा होता.

मी म्हटलं, भरा की. साहेबांना सांगितलंत तेच लिहा.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, तोंडानं मी खोटं बोललो. तुमची नोकरी नवी आहे, माझी संपत आली. पण वहीत नाही लिहिता येत. उद्या दुसरा कोणी असा साठा घासेल, तेव्हा तो ही वही उघडून बघेल. त्याला समुद्राची हवा वाचून काय कळणार?"

त्यांनी पेन वहीवर ठेवलं आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेले. चहा आणायला दुसरा माणूस होता.

एवढा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानं माझे डोळे वाचवले, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि आता जगातल्या कुठल्याशा माहीत नसलेल्या आर्मोररचे डोळे वाचवण्यासाठी तो माझ्यापुढे कोरा रकाना ठेवून गेला होता. मला रडू आलं. मग मी पेन उचललं आणि लिहिलं: पो. उ. नि. वैराळे यांच्या आदेशावरून चारही पेट्यांतील काडतुसे एकत्र करून पॉलिश केली. त्यामुळे खराब काडतुसे ओळखता आली नाहीत. खाली सही केली आणि ती वही स्वतः एस. पी. साहेबांकडे नेली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. मला लेखी ठपका मिळाला. तो सेवापुस्तकात गेला, निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला, आणि त्याच्यापायी बढती उशिरा आली. पण त्याच कागदाखाली साहेबांनी दुसरं एक पत्र लिहिलं, तुकडीला नवी काडतुसं मिळावीत आणि मुदत वाढवावी म्हणून. घाडीगावकरांना त्यांनी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत नवी काडतुसं आली. मैदान तेच, माणसं तीच. मुलींनी झोपून, कोपरं रोवून एकेक करून गोळ्या झाडल्या आणि बोराटे साहेब स्वतः जाऊन प्रत्येक निशाणा बघून आले. एकतिसाव्या नंबरला इंदुमती मेस्त्री होती. सहा गोळ्या वाजल्या. सातवी टक् म्हणाली.

ती हलली नाही. रायफल निशाण्याकडेच होती, हात बोल्टपासून लांब. घाडीगावकर माझ्या शेजारी उभे होते. ते पुढे जायला निघाले आणि थांबले, कारण गवतावरून आवाज आला होता.

"एक."

कोणी सुरुवात केली कुणास ठाऊक. दोनला दहा जणी होत्या, तीनला सगळ्या. आम्ही कोणी त्यांना हे शिकवलं नव्हतं. त्यांनी ते सप्टेंबरमध्ये बघितलं होतं, तेवढंच. चार आला, गेला. गोळी वाजली नाही. त्या मोजत राहिल्या, घाई न करता, एका आवाजात, आणि इंदुमती त्यांच्याबरोबर तोंडातल्या तोंडात मोजत होती. वीस झाले, तीस झाले. मी घाडीगावकरांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

साठला ते पुढे गेले आणि इंदुमतीला म्हणाले, "आता उघड गो बाय." काडतूस बाहेर पडलं, थंड आणि निरुपद्रवी. नव्या साठ्यातलंही एखादं निघतं तसं निघालं होतं. त्यांनी ते उचलून खिशात टाकलं.

मी मागे वळून पाहिलं. एस. पी. साहेब खुर्चीवरून उठून उभे होते. आणि बोराटे साहेबांचे ओठ अजून हलत होते. ते साठच्या पुढे गेले होते.